केराची बादली

विषय वाचून काही वाचक पान उलटतील याची मला कल्पना आहे. महाविद्यालयाच्या नियतकालिकात सहलीची वर्णने येतात, वसतिगृहातल्या गमती येतात, पहिल्या पावसावर तर दरवर्षी किमान तिघेजण लिहितात. केराची बादली कशी धुवावी यावर कोणी लिहिल्याचे मला आठवत नाही. मीही लिहिले नसते. पण 2024 च्या मे महिन्यात ग्वाल्हेरच्या नया बाजारात माझ्या हातून एक गोष्ट घडली. ती घरी मी पुरती सांगितलेली नाही. इथे सांगतो.

माझी आत्या ग्वाल्हेरला असते. शहापुरातली मुलगी लग्न होऊन इतक्या लांब कशी गेली, असे आजही लोक विचारतात. लांब खरेच, पण बेळगावला गोवा एक्सप्रेसमध्ये बसले की गाडी न बदलता थेट ग्वाल्हेरला उतरता येते. शिवाय मराठी माणसाला तिथे परके वाटत नाही. लष्कर हा शहराचा भाग नावाप्रमाणेच छावणीतून वाढला. दौलतराव शिंद्यांनी 1810 च्या सुमारास किल्ल्याच्या पायथ्याशी तळ टाकला, तंबूंच्या जागी वाडे आले आणि फौजेबरोबर आलेली मराठी घरे तिथेच रुजली. आमच्या काकांचे घराणे त्यांतलेच. काका घरात मराठी बोलतात, फक्त रागावले की हिंदीवर येतात. आत्याची मराठीही आता निम्मी तिकडची झाली आहे. बादलीला ती बाल्टी म्हणते आणि गटाराला नाली.

तर त्या मे महिन्यात आत्या जिन्यावरून घसरली आणि तिचे उजवे मनगट मोडले. मुलगा परदेशात, काकांचे गुडघे दुखरे. माझी बी.एस्सी.ची पहिल्या वर्षाची परीक्षा नुकतीच संपली होती. "जा, चार कामं तरी शिकशील," असे म्हणून बाबांनी मला गाडीत बसवून दिले. आईने सोबत कुंद्याचा डबा दिला. तो डबा मनमाडच्या पुढे शाबूत राहिला नाही, पण ते असो.

नया बाजार म्हणजे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दुकानांच्या रांगा आणि मागे अरुंद गल्ल्या. आत्याचे घर अशाच एका गल्लीत आहे. खाली ओटा, वर दोन खोल्या, त्यावर गच्ची. ओट्याला लागून हातभर रुंद उघडी नाली वाहते आणि ती ओलांडून घरात जाण्यासाठी दगडी फरशीचा एक तुकडा टाकलेला आहे. मी आठवडाभरात झाडलोट शिकलो, चहा शिकलो, वरणभाताला लागलो. केराची बादली मात्र टाळत होतो. कचऱ्याची गाडी गाणे वाजवत आली की धावत जाऊन ओला आणि सुका कचरा त्यात ओतायचा, आणि रिकामी बादली तशीच कोपऱ्यात आणून ठेवायची. बाहेर ऊन पंचेचाळीस अंशांवर. कचऱ्यात खरबुजाच्या साली, आंब्याच्या कोयी, गाळलेला चहा. पाचव्या दिवशी झाकण उघडले तर बादलीच्या तळाशी दोन बोटे काळे पाणी साचले होते आणि त्यात अळ्या वळवळत होत्या.

आत्याला न सांगता मी खाली जाऊन कोपऱ्यावरच्या दुकानातून संडास धुण्याच्या औषधाची बाटली आणली. आत हायड्रोक्लोरिक आम्ल असते हे मला ठाऊक होते. नुसते ठाऊक नव्हते, प्रात्यक्षिकाच्या परीक्षेत त्याच आम्लाचे अनुमापन करून मी चांगले गुण मिळवले होते. निम्मी बाटली बादलीत ओतली, थोडे पाणी घातले, खराट्याने घासले. अळ्या मेल्या, डाग गेले, वास गेला, म्हणजे त्या वासाच्या जागी दुसरा आला. मग ओट्यावर उभे राहून, मोठे काम केल्याच्या थाटात, मी ते सगळे पाणी नालीत उपडे केले.

चार घरे पलीकडे एक सफाई करणारी बाई नालीतला गाळ काढत होती. हातात लांब दांड्याचे फावडे, पायात साध्या रबरी चपला. एक पाय ओट्याच्या कडेला आणि एक नालीत. तो नालीतला पाय तिने एकदम वर घेतला आणि ओरडली. मला क्षणभर काही कळलेच नाही. साप वगैरे असेल असे वाटले.

आत्याला मात्र वरच्या खिडकीतून सगळे कळले होते. प्लास्टरचा हात छातीशी धरून ती जिना उतरली. त्या बाईला तिने आमच्या ओट्यावर बसवले आणि मला म्हणाली, "पाणी आण. ओतत राहा. मी थांब म्हणेपर्यंत थांबू नकोस." मी बादल्या आणत होतो आणि तिच्या पायावर धार धरत होतो. बोटांच्या बेचक्यांत कातडी लाल झाली होती. टाचांना भेगा होत्या आणि त्या भेगांत आम्ल शिरले होते. पंधरा-वीस मिनिटे मी त्या पायाशिवाय दुसरे काहीच पाहिले नाही. पायाच्या मालकिणीकडे बघायचे धाडस होत नव्हते. शेवटी तीच बोलली. आवाजात राग नव्हता, रोजचा हिशेब सांगावा तसे म्हणाली, "भैया, आप तो ऊपर से डाल देते हो. नीचे पैर हमारा रहता है."

आत्याने तिला चहा दिला, घरातल्या कपबशीत. ती आधी कपाकडे बघत राहिली आणि मग तिने तो घेतला. संध्याकाळी काकांनी डॉक्टरांना विचारून मलम आणून दिले. जखम खोल नव्हती, पाण्याने आम्ल पातळ झाले होते, आठवड्यात पाय बरा झाला. तरीही रात्री जेवताना माझ्या घशाखाली घास उतरेना. आत्या दिवसभर मला एक अक्षर बोलली नव्हती. पाने उचलताना म्हणाली, "उद्या तुला बाल्टी धुवायला शिकवते. बी.एस्सी.ला शिकवत नाहीत वाटतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी शिकवणी झाली. मला वाटले होते की एखादे घरगुती औषध सांगेल, लिंबू किंवा सोडा. पण तिचा पहिला धडा धुण्याचा नव्हताच. बादली धुवावी लागते ती कचऱ्यामुळे नाही, कचऱ्यातल्या पाण्यामुळे, असे तिचे म्हणणे. चहाचा चोथा गाळणीतच निथळू द्यायचा. साली वर्तमानपत्रावर पसरून तासभर ठेवायच्या. त्या उन्हाळ्यात तासाभरात त्या कागदासारख्या होत. उरलेली आमटी कचऱ्यात जाताच कामा नये, आमटी उरवायचीच कशाला? बादलीच्या तळाशी वर्तमानपत्राची जाड घडी आणि त्यावर मूठभर कोरडी माती किंवा राख. प्लॅस्टिकची पिशवी घालायची नाही. "पिशवीची गाठ पुढं कुणाला तरी हातानंच सोडावी लागते," ती म्हणाली. हे माझ्या डोक्यात कधी आलेच नव्हते. पिशवी बांधून गाडीत टाकली की स्वच्छता पुरी झाली, अशी माझी समजूत होती.

एवढे करूनही बादली आठवड्यातून एकदा धुवावी लागतेच. तेव्हा आधी कोरडी पुसायची. चिकटलेले सगळे जुन्या कागदाने खरवडून काढायचे आणि तो कागद ओल्या कचऱ्यात. मग तांब्याभर गरम पाणी, चमचाभर धुण्याचा सोडा आणि काथ्या. तांब्याभर म्हणजे तांब्याभरच. ग्वाल्हेरला पाणी येते ते तिघरा धरणातून. ते धरण 1916 मध्ये बांधले आणि पुढच्याच वर्षी फुटले, मग पुन्हा उभे केले, ही कथा काकांनी मला तीनदा सांगितली आहे. इतक्या खटाटोपाने आणलेले पिण्याचे पाणी बादलीभर घेऊन केराची बादली धुवायची, हे आत्याला पटत नाही. घासून झाले की ते मळके पाणी दारापुढच्या नालीत नाही, घरातल्या मोरीत ओतायचे. आणि बादली गच्चीवर उन्हात पालथी. "ऊन फुकट आहे आणि ते वाहून कुठं जात नाही," हे तिचे वाक्य. खरे तर वास येतो तो ओल्यात वाढणाऱ्या जिवाणूंचा. कोरड्या, तापलेल्या प्लॅस्टिकवर त्यांची डाळ शिजत नाही. हे शास्त्र मी तिला सांगितले. ती म्हणाली, "हो का."

मोरी आणि नाली यांतला फरक मला कळला नाही. पाणी शेवटी घाणीतच जाणार ना? आत्याने समजावले, आणि इथे तिच्या शहराची थोडी ओळख करून द्यायला हवी. त्या घरात मोरी आणि संडास भूमिगत गटाराला जोडलेले आहेत. ते सांडपाणी निदान शुद्धीकरण केंद्राच्या वाटेला लागते. जलालपूर आणि लालटिपारा इथे अशी केंद्रे आहेत. दारापुढची नाली मात्र पावसाच्या पाण्याची. तिला केंद्र-बिंद्र माहीत नाही. ती दुसऱ्या नालीला मिळते, ती नाल्याला, आणि लष्करातले नाले जातात स्वर्णरेखेत.

स्वर्णरेखा. एवढे देखणे नाव असलेली नदी मी पाहिली ती फूलबागेजवळ. एका संध्याकाळी आत्याने मला राणी लक्ष्मीबाईची समाधी दाखवायला नेले. मनगट मोडल्यापासून ती पहिल्यांदाच घराबाहेर पडली होती. समाधीपाशी मशाल आहे, घोड्यावरचा पुतळा आहे, बागेत मुले खेळत होती. 1858 च्या जूनमध्ये कोटा की सरायपाशी लढाई झाली. राणीचा घोडा नवा होता, तो एका ओढ्यापाशी अडला आणि उडी मारायला तयार होईना, अशी कथा आपण शाळेत ऐकलेली असते. तो ओढा म्हणजे स्वर्णरेखा, असे ग्वाल्हेरात सांगतात. लहानपणी मी त्या ओढ्याची कल्पना करत असे तेव्हा त्यात स्वच्छ पाणी खळाळत असे. प्रत्यक्षात पाहिले ते असे : दोन्ही बाजूंना काँक्रीटच्या भिंती, तळालाही काँक्रीट, मधून शाईसारखे पाणी, कडेला पिशव्या अडकलेल्या, आणि वरून जाणाऱ्या नव्या उन्नत रस्त्याचे खांब उभे राहत असलेले. काँक्रीट या शतकात घातले. त्यामागे नदी सुशोभित करण्याचा हेतू होता. पण तळच सिमेंटचा झाला की पाणी जमिनीत मुरणार कुठून आणि झरे फुटणार कुठून? नदी पुन्हा वाहती व्हावी म्हणून ग्वाल्हेरच्या उच्च न्यायालयात जनहित याचिकाही चालली आहे.

परतताना ई-रिक्षात मी गप्प होतो. घरी काकांनी विचारले, आणि मी सांगितल्यावर ते हिंदीत गेले. म्हणजे रागावले होते, माझ्यावर नव्हे, एकूणच. त्यांचे म्हणणे असे की अख्ख्या शहराची घाण त्या नदीत जाते आहे, तिथे तुझ्या एका बादलीने काय बिघडणार आणि आत्याच्या एका तांब्याने काय सुधारणार? जे करायचे ते सरकारने करावे.

त्यांचे हे बोलणे खोटे नाही. मी त्यावर बराच विचार केला आहे. पाणी प्रदूषणाचा कायदा 1974 सालचा, कचरा घरातच वेगळा करावा असे सांगणारे नियम 2016 मध्ये आले, आणि नदी काळीच आहे. हिशेबाने पाहिले तर माझी बादली कुठे दिसणारही नाही. पण त्या सकाळी ती दिसली होती. चार घरांच्या अंतरावर, एका पायावर, चांगली लाल होऊन दिसली होती. नदीला माझी एक बादली जाणवली नसेल, त्या बाईला जाणवली. काकांना मी हे त्या दिवशी बोलू शकलो नाही. आत्या बोलली नाही, पण तिने त्यांच्यासमोर चहाचा चोथा निथळत ठेवला.

बेळगावला आल्यावर मी आमच्या रसायनशास्त्राच्या सरांना झाला प्रकार सांगितला, अर्थात 'एका मुलाने' असे म्हणून. सरांनी चष्म्यावरून पाहिले. मुलगा कोण ते त्यांना कळले असावे. ते म्हणाले की त्या मुलाचे नशीब, नाली उघडी होती. गटाराच्या गाळात सल्फाइडे असतात, त्यांच्यावर आम्ल पडले की हायड्रोजन सल्फाइड वायू सुटतो. उघड्यावर कुजक्या अंड्यांचा वास येऊन भागते, पण बंद गटारात उतरलेल्या माणसाचा त्याने जीव जाऊ शकतो. आणि त्या मुलाने जोडीला ब्लीचिंग पावडर टाकली असती तर आम्लाने क्लोरीन बाहेर पडला असता, तो तर आधी त्याच्याच नाकात गेला असता. मग त्यांनी फिनेलचे सांगितले. बादलीत फिनेल टाकले की जंतू मरतात, याचा आपल्याला आनंद होतो. परंतु पाण्यातली घाण खाऊन पाणी स्वच्छ करणारे जिवाणूही त्यातच मरतात. नदी जी काही स्वतःला धुते ती त्यांच्या जोरावर. उलट नुसते उष्टे-खरकटे गेले तर जिवाणू ते खातात, पण खाताना पाण्यातला प्राणवायू संपवतात आणि मासे गुदमरतात. म्हणजे खरकटेही नको आणि औषधही नको. आत्याचा कोरडा कागद आणि तांब्याभर पाणी मला तेव्हा पुरते कळले.

कन्नड विभागात लिहिणारा माझा एक मित्र आहे. त्याला हे सांगत होतो तेव्हा त्याने विचारले, कन्नडमध्ये केराच्या टोपलीला काय म्हणतात माहीत आहे का? 'कसद बुट्टी'. बुट्टी तर आपलीच. आमची आजी भाकरीची बुट्टी म्हणते, त्याची आजी कचऱ्याची बुट्टी म्हणते. यावर आम्ही हसलो. पण त्याच संध्याकाळी तो म्हणाला ते हसण्यासारखे नव्हते. म्हणाला, "तुमच्या घरची बुट्टी कुठे धुतात?"

आमच्या घरी बादली धुतात ती दाराबाहेर, गटारावर. आई भरपूर पाणी ओतते, वर फिनेल. शहापुरातली गटारे जातात बळ्ळारी नाल्यात. बळ्ळारी नाला वडगाव, येळ्ळूरच्या शिवारांच्या बाजूने जाऊन पुढे मार्कंडेयेला मिळतो, मार्कंडेया घटप्रभेला आणि घटप्रभा कृष्णेला. आणि त्या नाल्याच्या काठी आमचे दीड एकर भाताचे रान आहे. बेळगावी बासमतीचे नाव ज्या शिवाराने केले, त्यातलाच हा तुकडा. पावसाळ्यात नाला फुगला की पाणी रानात शिरते. 2019 च्या ऑगस्टमध्ये कित्येक दिवस पीक पाण्याखाली होते. पाणी ओसरले तेव्हा रोपांवर काळा थर आणि बांधाला पिशव्यांची माळ. दरवर्षी लावणीच्या दिवसांत आई आणि काकू त्या पाण्यात पोटरीपर्यंत उभ्या असतात आणि रात्री पायांना खोबरेल चोळत बसतात. बोटांच्या बेचक्यांत खाज सुटते, कातडी लाल होते. आम्ही लहानपणापासून त्याला 'चिखल्या' म्हणत आलो. चिखल्या लावणीत होतातच, त्यात विशेष ते काय, असे घरात सगळे मानतात. मीही मानत होतो. या वेळी आईचे पाय पाहिले आणि ती बेचक्यांतली लाली मला ओळखीची वाटली.

नाल्याच्या पाण्यात साऱ्या गावाचे काय काय असते, हे मला कळते. आईचे पाय आमच्याच फिनेलने खाजतात असे मी म्हणणार नाही. विज्ञानाच्या विद्यार्थ्याने असे बोलू नये. पण आपल्या दारात ओतलेले पाणी आपल्याच रानाकडे निघते, ही वाट इतकी वर्षे आमच्यापैकी कोणी मनातसुद्धा चालून पाहिली नव्हती.

आईला मी आत्याची रीत सांगितली. "आत्या शिकवते आणि तू मला शिकवतोस?" म्हणून ती हसली. पहिला आठवडा तिने काही केले नाही. मग एक दिवस पाहतो तर फणसाची चारखंडे परसात कागदावर पसरलेली. फिनेलची बाटली अजून कपाटात आहे, अर्धी. ती गटारात ओतून टाकायची नाही एवढे ठरले आहे. काय करायचे ते ठरलेले नाही.

आत्याचे प्लास्टर केव्हाच निघाले. दर रविवारी तिचा फोन येतो. त्या बाईची चौकशी मी आडून आडून करतो. आत्या सांगते की ती ठीक आहे, हल्ली बूट घालून येते, पण उन्हात पाय भाजतात म्हणून ते बऱ्याचदा ओट्यावरच काढून ठेवते. आणि आमच्या दारापाशी आली की नालीत पाय टाकण्याआधी अजूनही मान वर करून विचारते, "दीदी, भैया हैं, कि गए?"